टाकीत आलेल्या अनोळखी माशाला आधी नाव विचारा, नदी दाखवू नका!

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण घरात माशांची काचेची टाकी असेल तर शेवटपर्यंत वाचा.

मी बरीच वर्षं घरी मासे पाळतो, म्हणून ओळखीचे लोक फोटो पाठवतात. "दादा, हा कुठला मासा? आम्ही तर आणलाच नव्हता!" अहो, मासा आकाशातून पडत नाही. पाणवनस्पतीला अंडी चिकटून येतात. दुकानदाराच्या जाळीत दुसरंच पिल्लू येतं. गप्पीची एकच मादी आणली तरी ती पोटात नराचं बीज साठवून महिनोन्‌महिने पिल्लं देते.

इथपर्यंत ठीक. माझा राग पुढच्या वाक्यावर आहे. "टाकीत मावेना, म्हणून नदीत सोडून आलो. बिचारा जगेल तरी!"

याला जीवदया म्हणत नाहीत. तो बिचारा जगतो आणि दुसऱ्यांना मारतो.

आधी ओळखायला शिका. पोट सपाट, तोंड खालच्या बाजूला, अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या कडक पट्ट्या आणि पाठीवर शिडासारखा उंच पर? पराचे काटे मोजा. दहा किंवा जास्त भरले तर तो दक्षिण अमेरिकेतला सेलफिन सकर. दुकानात 'टाकी साफ करणारा' म्हणून दोन इंचाचा मिळतो, वाढतो फूट-दीड फूट. लाल पोटाचा चपटा मासा दिसला की लगेच 'पिरान्हा, पिरान्हा' ओरडू नका. दात बघा. माणसाच्या दाढांसारखे असतील तर तो पाकू, म्हणजे बाजारात मिळणारा आपला रूपचंद. पिरान्हाचे दात त्रिकोणी, धारदार असतात. मिशांच्या चार जोड्या आणि शेपटीपर्यंत लांब पाठीचा पर असेल तर मागूर. आता तो गावठी की बंदी असलेला आफ्रिकन, हे जाणकाराला दाखवूनच ठरवा.

"एका माशानं काय होतंय?" असं म्हणणाऱ्यांनी उजनीच्या मच्छीमारांना जाऊन विचारावं. तिथे सकर जाळ्यात येतो. त्याच्या काट्यांनी जाळी फाटते आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. शिवाय तो अंडी घालायला काठात बिळं करतो, काठ ढासळतो. हे मासे उजनीत अमेझॉनमधून पोहत आले नाहीत. कुणीतरी 'एकच तर' म्हणूनच सोडले. केरळात 2018 च्या पुरानंतर चालक्कुडी नदीत अरापैमा सापडला, तोही माणसानंच पाळलेला.

दुसरा युक्तिवाद, "नदी तर आधीच गटार झालीय, काय फरक पडतो?" फरक इथेच पडतो! घाण पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. आपले बरेच देशी मासे तिथे तडफडतात. सकर आणि मागूर वर येऊन हवा गिळतात आणि मजेत राहतात. म्हणजे नदी आपण नासवायची आणि भाडेकरूही परदेशातून आपणच आणायचा.

सरकारही यात धुतल्या तांदळाचं नाही. डासांसाठी 1928 मध्ये देशात आणलेला गॅम्बुझिया जगातल्या 100 सर्वात उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत आहे. पाणी बंदिस्त आहे की वाहतं, हे न बघता मासे सोडण्याचे कार्यक्रम आता थांबवा.

मागण्या साध्या आहेत. दुकानात प्रत्येक टाकीवर माशाचं शास्त्रीय नाव आणि तो किती मोठा होतो हे लिहा. नको झालेला मासा दुकानदारानं परत घ्यावा. मत्स्य विभागानं प्रत्येक जिल्ह्यात असे मासे जमा करायची एक जागा द्यावी.

आणि आपण? फोटो काढा, ओळख पटवा, दुकानात परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्याला द्या. काहीच जमलं नाही तर पशुवैद्यकाला विचारा. पण नदी, तळं, विहीर, ओढा यांत सोडायचा नाही म्हणजे नाही.

गणपती विसर्जनाच्या दिवशी घाटावर पिशवीतून मासे सोडणारे दिसले तर हात जोडून थांबवा. भांडण झालं तरी चालेल.