चौदा नियम आणि समुद्रासमोरची खोली

सहलीचे सामान बांधताना अनेक घरांत एक गोष्ट न बोलता मागे ठेवली जाते: रोज सकाळी धारावयाचे चौदा नियम. महागड्या हॉटेलात द्रव्ये किती, वाहने किती, दिशा किती याची मोजदाद कोण ठेवणार, असे मानून नियम परतीपर्यंत स्थगित होतात. आणि म्हणूनच घरातील आजी-आजोबा 'तुम्ही जाऊन या' असे म्हणून मागे राहतात.

पुदुच्चेरीत मात्र त्यांनी मागे राहण्याचे कारण नाही. जुन्या फ्रेंच वस्तीतील रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे. कालव्यापासून समुद्र पायी दहा मिनिटांवर. किनाऱ्यालगतचा रस्ता संध्याकाळी ६ पासून सकाळी ७.३० पर्यंत वाहनांना बंद असतो. महात्माजींचा पुतळा आणि १८३६ मध्ये सुरू झालेले जुने दीपगृह याच रस्त्यावर आहेत. किनाऱ्यावरील हॉटेलात उतरले की 'वाहन' शून्य आणि 'दिशा' एखाद-दोन किलोमीटर सहज धारता येते. खोलीचे भाडे डोळ्यांवर येते खरे. परंतु दररोजची टॅक्सी त्यातून वजा करावी, हे व्यापारी घराला शिकवायला नको.

कसोटी लागते ती 'द्रव्यां'ची. सकाळच्या बुफेत ओळीने मांडलेली भांडी पाहून दहा द्रव्यांचा संकल्प पहिल्या ताटातच संपतो. मसाला डोशात बटाटा, सांबारात कांदा, पोंगलमध्ये बहुधा आले, आणि फ्रेंच पद्धतीच्या पाव-पेस्ट्रीत अंडे असू शकते. इडली निर्धोक वाटते, पण रात्रभर आंबवलेले पीठ न चालणाऱ्यांना तीही वर्ज्यच. 'जैन जेवण मिळेल का?' या प्रश्नाला अनेक ठिकाणी तत्काळ होकार येतो आणि ताटात गाजर येते. तेव्हा खोली नोंदवतानाच नको असलेल्या प्रत्येक जिन्नसाचे नाव लिहून द्यावे.

दुसरी बाब वेळेची. हा पूर्व किनारा; सूर्य समुद्रातून उगवतो आणि मावळतो शहरामागे. डिसेंबरात सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास, पुण्या-मुंबईपेक्षा सुमारे पाव तास आधी होतो. हॉटेलांतील रात्रीचे जेवण त्यानंतर बऱ्याच वेळाने सुरू होते. चौविहार करणाऱ्यांसाठी पाच वाजता ताट मिळेल काय, हे आधीच लेखी ठरवून घ्यावे. ते जमले, तर पुढचे आपोआप जुळते: जेवण आटोपून खाली उतरावे, तोवर रस्ता मोकळा झालेला असतो. पहाटे नवकारशीची वेळ होईपर्यंत पुन्हा तोच रस्ता; वाहनांची घाई नसल्याने खाली पाहत, जीवजंतू वाचवीत पावले टाकता येतात.

नातवंडांना मात्र आधी सांगून ठेवावे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिणेला बंदराचे बांध झाले, उत्तरेकडे वाहत येणारी वाळू अडली आणि शहरापुढील पुळण समुद्राने खाल्ली. तेथे आता मोठमोठे दगड रचलेले आहेत. अलीकडे समुद्रात बांध घालून सचिवालयासमोर थोडी वाळू परत आणली आहे; किल्ले तेथेच होतील.

निघण्याच्या दिवशी चेन्नईचा विमानतळ सुमारे दीडशे किलोमीटर. त्या सकाळी 'वाहन' धारताना मोटार आणि विमान, अशी दोन मोजावी लागतात.