‘कासव’ला ठाण्यात पडदा हवा

‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’. सुवर्णकमळ मिळवणारी ही चार नावे मराठी प्रेक्षकाला तोंडपाठ आहेत. पाचवे नाव सांगताना तो अडखळतो. 2017च्या एप्रिलमध्ये सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला तोच सर्वोच्च सन्मान जाहीर झाला. निर्मात्यांपैकी एक होते डॉ. मोहन आगाशे, स्वतः मनोविकारतज्ज्ञ. तरीही हा चित्रपट आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिला.

जीव द्यायला निघालेला, रुग्णालयातून पळालेला एक तरुण जानकीला तापाने फणफणलेल्या अवस्थेत सापडतो. ती स्वतःच नैराश्यातून सावरत असते. त्याला ती कोकणातल्या समुद्राकाठच्या घरी आणते. हा पाहुणा आभार मानत नाही. बोलत नाही, आणि बोललाच तर अंगावर येतो. आलोक राजवाडेने त्याचा तुसडेपणा कुठेही गोड करून दाखवलेला नाही. इरावती हर्षेची जानकी तो सोसते, पण ‘का?’ म्हणून त्याला खोदत नाही. बाहेर किनाऱ्यावर दत्ताभाऊ कासवांची अंडी राखत असतात. राखणदाराने घरट्याभोवती कुंपण घालायचे, कुत्र्या-कोल्ह्यांना हाकलायचे. समुद्र मात्र पिल्लांनी आपल्या पायांनी गाठायचा. दुःखात बुडालेल्या माणसाजवळ कसे राहावे, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा मराठी चित्रपट मला आठवत नाही.

ठाण्यात 1901पासून मनोरुग्णालय आहे, आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ हा टोमणा महाराष्ट्रभर अजून मारला जातो. याच शहरात 1990 साली डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. मनाच्या आजाराबद्दल उघड बोलायला ठाणे-कल्याणच्या या पट्ट्याने कितीतरी जणांना शिकवले. पण कल्याण-डोंबिवलीच्या दोन खोल्यांत मुलगा गप्प झाला, की आजही ऐकू येते ते ‘सगळं तर दिलंय तुला!’ त्या आईबापांच्या मायेत खोट नाही. त्यांना ‘कासव’ कोणी दाखवलेलाच नाही.

गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह, अत्रे रंगमंदिर, सावित्रीबाई फुले कलामंदिर ही चारही नाट्यगृहे ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांची आहेत. 10 सप्टेंबर हा आत्महत्या प्रतिबंध दिन. त्या दिवशी सकाळचा एक खेळ दोन्ही महापालिकांनी ‘कासव’ला मोफत द्यावा, नंतर तासभर मनोविकारतज्ज्ञांना प्रेक्षकांशी बोलू द्यावे, आणि महाविद्यालयांनी मुलांसोबत पालकांनाही बोलवावे.