शजरा सगळ्यांचा, रिपोर्ट माझा

पूर्वी शजरा सांभाळायचे ते सय्यद, पीरजादे, काझी. दर्ग्याचा मान किंवा इनामाची जमीन त्यावर अवलंबून असायची. मोमीन, बागवान, तांबोळी, मुलाणी अशा कष्टकरी घरांत परदादांचं नाव सांगता आलं तरी खूप झालं. ओबीसीचा दाखला आणि जात पडताळणी आली तसं हे बदललं. 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा आणा, प्रतिज्ञापत्रावर वंशावळ द्या, असं सांगितल्यावर आपली माणसं शाळांची जनरल रजिस्टरं, कोतवाल बुकं, फेरफाराचे उतारे धुंडाळू लागली. कागद शोधता शोधता नातेवाईक सापडू लागले.

आमच्याकडेही तसंच झालं. पुतण्याच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या एका जुन्या शाळेतून आजोबांच्या नावाचा उतारा काढला, तर त्याच पानावर त्यांच्या धाकट्या भावाचं नाव होतं. ते 1972 च्या दुष्काळात भिवंडीला यंत्रमागावर कामाला गेले. दोन्हीकडची म्हातारी माणसं गेल्यावर येणंजाणं तुटलं. आता फोन झाले, दावती झाल्या, व्हॉट्सॲपचा ग्रुप निघाला. आणि पहिल्याच भेटीत कळलं, की तिकडे दोन चुलतभाऊ डायलिसिसवर आहेत. त्यांच्या फायलीवर जे नाव आहे तेच सहा वर्षांपासून माझ्याही फायलीवर आहे: पॉलिसिस्टिक किडनी.

या आजारात मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होतात आणि वर्षानुवर्षं वाढत राहतात. आई किंवा वडील, दोघांपैकी एकाला असला तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते, मग मुलगा असो वा मुलगी. आपल्यात नात्यातल्या लग्नांकडे लगेच बोट दाखवलं जातं. थॅलेसेमियासारख्या आजारात त्या बोलण्यात तथ्य आहे, कारण तिथे दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. इथे मात्र एकाकडून आला तरी पुरतो. बहुतेकांना तिशी-चाळिशीपर्यंत काही जाणवत नाही, फक्त रक्तदाब लवकर वाढतो. अनेकांची मूत्रपिंडं साठीच्या आसपास काम सोडतात.

दोन्ही घरांच्या आठवणी शेजारी ठेवल्या तेव्हा बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. आमच्याकडे आजोबा ‘बीपीनं’ गेले असं सांगतात. भिवंडीत त्यांच्या भावाच्या ‘डोक्यात रक्तस्राव’ झाला. एक फुफी ‘अंगावर सूज येऊन’ गेली आणि तिला नजर लागली असं आजही काही जण मानतात. वेगवेगळ्या नावांनी झालेली ही मरणं बहुधा एकाच आजाराची आहेत. हे तीस वर्षांपूर्वी कळलं असतं तर निदान रक्तदाब तरी वेळेवर तपासला गेला असता, मीठ कमी झालं असतं, अंगदुखीच्या गोळ्या मूठभर खाल्ल्या गेल्या नसत्या. त्यामुळे शजरा शोधावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नातं जोडता यावं म्हणून आपला वंश जाणून घ्या, अशी शिकवण हदीसमध्येही आहे.

माझा आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे. नातं सापडल्याबरोबर समोरच्याच्या शरीरावर आपला हक्क झाला, असं पुष्कळांना वाटतं.

ग्रुपवर माझं क्रिएटिनिन किती, यावर चर्चा झाली. मी तो आकडा तिथे टाकला नव्हता. कुणी काढा सुचवला, कुणी हकिमाचा पत्ता दिला. घरगुती औषधांतल्या कशानं बिघडलेल्या मूत्रपिंडावर काय ओढवेल याची खात्री कुणी देत नाही, पण ‘बाजी, एकदा घेऊन तर बघा’ हे सगळे म्हणतात. रमजानमध्ये रोजा नाही म्हणून विचारपूस होते. कुरआननं आजारी माणसाला दिलेली सवलत आपण प्रवचनात ऐकतो आणि दारात आल्यावर विसरतो. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला: ‘मग मुलीलाही आहे का?’

माझी मुलगी वीस वर्षांची आहे. तिला मी सगळं समजावून सांगितलं आहे. ती रक्तदाब तपासून घेते. सोनोग्राफी करायची की नाही आणि कधी, हे ती ठरवेल. तिशीच्या आत सोनोग्राफी स्वच्छ आली तरी आजार नाहीच, असं छातीठोक सांगता येत नाही, हेही तिला माहीत आहे. तिचं उत्तर माझ्याकडे नाही. असतं तरी ते ग्रुपवर सांगण्याचा अधिकार मला नाही.

मला वाटतं, इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आपल्या घराण्यात हा आजार आहे’ ही माहिती सगळ्या रक्ताच्या नात्याची आहे. ती लपवणं म्हणजे पुतण्या-भाच्यांना अंधारात ठेवणं. म्हणून मी भिवंडीच्या प्रत्येक घराला स्वतः फोन करून ती सांगितली. पण ‘अमक्याची किडनी किती टक्के चालते’ ही माहिती त्या अमक्याची आहे. पहिली सांगणं कर्तव्य आहे, दुसरी मागणं आगाऊपणा आहे.

रिश्त्याच्या वेळी ही रेघ पुसली जाते. भिवंडीच्या एका पुतणीसाठी स्थळ आलं आणि मुलाकडच्यांनी माझा नंबर मिळवून मलाच विचारलं. मी म्हणाले, मुलीच्या आईवडिलांशी बोला. नंतर पुतणीला फोन करून सांगितलं, की घराण्यातला आजार तू स्वतः मुलाला सांग, लपवून केलेलं लग्न टिकत नाही. त्या मुलालाही जाणून घ्यायचा हक्क आहेच. फक्त ते त्याला तिच्या तोंडून कळावं, माझ्या नव्हे.

किडनी देण्याचा विषय तर याहून नाजूक. 1994 चा अवयव प्रत्यारोपण कायदा आणि त्यातली पुढची दुरुस्ती जवळचे नातेवाईक म्हणून पती-पत्नी, आईवडील, मुलं, सख्खी भावंडं, आजी-आजोबा आणि नातवंडं यांना धरते. चुलत भावंडं त्यात नाहीत, त्यांना समितीची परवानगी लागते. शिवाय आमच्यासारख्या घराण्यात आधी देणाऱ्यालाच हा आजार नाही ना, हे पाहावं लागतं. तरीही दावतीत, सगळ्यांच्या देखत, एका पंचवीस वर्षांच्या मुलाला ‘तू देशील ना रे चाचाला?’ असं विचारलं गेलं. तो ‘हो’ म्हणाला. त्या ‘हो’ला मी संमती मानत नाही. संमती एकट्यानं, दार बंद करून, नाही म्हणायची मुभा ठेवून विचारायची असते.

आजाऱ्याला भेटायला जाणं हा मुसलमानाचा मुसलमानावरचा हक्क आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय जाऊ नका, आणि परत जा म्हटलं तर परत जा, अशीही आज्ञा आहे. ती फक्त लाकडी दरवाज्यापुरती आहे, असं मला वाटत नाही. माणसाची फाइल, त्याचं शरीर, त्याची भीती यांनाही दार असतं. थोडा वेळ बसा, दुआ करा, डबा आणा, दवाखान्यात नंबर लावायला कुणी आहे का ते विचारा. आकडे विचारू नका.

ज्यांच्या घरी आता वंशावळ तयार होते आहे त्यांना माझी एक सूचना आहे. गेलेल्या माणसांच्या नावापुढे मृत्यूचं वय आणि जे कळलं असेल ते कारण जरूर लिहा. जिवंत माणसाच्या नावापुढे मात्र त्यानं स्वतः सांगितलं आणि लिहायला होकार दिला, तरच लिहा. आमच्या शजऱ्यात माझ्या नावापुढे आजार लिहिलेला आहे, तो मी माझ्या हातानं लिहिला. मुलीच्या नावापुढची जागा रिकामी आहे. ती भरायची असेल तर तीच भरेल.