घरी पडणारे प्रश्न आणि चॅटबॉट

कर्करोगाच्या रुग्णाला बहुतेक प्रश्न पडतात ते घरी, दोन किमोंच्या मधल्या दिवसांत. तोंड आले आहे तर खायचे काय, हातापायांच्या मुंग्या कधी थांबणार, पुढच्या तारखेला कोणते रिपोर्ट आणायचे? गर्दीच्या ओपीडीत हे विचारायचे राहून जाते. मग मोबाइलवरच्या चॅटबॉटला विचारले जाते, आणि त्यात सगळेच वाईट नाही. फ्रान्समधील ‘विक’ हा चॅटबॉट स्तनाच्या कर्करोगासाठी बनवलेला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १४२ रुग्णांपैकी काहींना त्याची, तर काहींना डॉक्टरांची उत्तरे देण्यात आली. माहितीबद्दलच्या समाधानात विक डॉक्टरांच्या मागे पडला नाही.

तेथे मोजले गेले ते समाधान. उपचारांच्या शिफारशी तपासल्या तेव्हा चित्र वेगळे दिसले. २०२३ मध्ये ‘जामा ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात चॅटजीपीटीच्या सुमारे एक तृतीयांश उत्तरांत अमेरिकेतील ‘एनसीसीएन’ या कर्करोग केंद्रांच्या संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांशी न जुळणारी किमान एक शिफारस होती. बरोबर शिफारशींच्या रांगेत बसलेली अशी चूक तज्ज्ञाच्याही नजरेतून सुटू शकते. रुग्णाची काय कथा!

खरी कसोटी तापाची. किमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात. त्या काळात १००.४ अंश फॅरनहाइट ताप म्हणजे तातडीची वेळ. रुग्णालयात पोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे. घरचे विचारतात ते मात्र असे: “जरा कणकण आहे, क्रोसिन देऊ का?” चांगल्या चॅटबॉटने येथे आधी शेवटच्या किमोची तारीख आणि थर्मामीटरचा आकडा विचारावा, पॅरासिटामॉलने ताप झाकला जातो हे सांगावे आणि रुग्णालयात पाठवावे. आपुलकीच्या शब्दांत दिलेला काढ्याचा सल्ला येथे जिवावर बेतू शकतो.

काळजीवाहकांचा प्रश्न आणखी नाजूक. आपल्याकडे “आईला काही कळू देऊ नका” असे बजावूनच घरचे डॉक्टरांसमोर बसतात. अनेक घरांत मोबाइल एकच असतो. सुनेने रात्री विचारलेले ‘किती दिवस आहेत?’ सकाळी सासूबाईंच्या वाचनात येऊ शकते. आजार रुग्णाला सांगण्याचा निर्णय यंत्राच्या हाती जाता कामा नये. सुनेची स्वतःची झोप उडाली असेल, तर तिला ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक देणे चॅटबॉटला सहज जमण्यासारखे आहे.

भारतात याची सीमा आखलेली आहे. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार कृत्रिम बुद्धिमत्तेवरील मंचांना रुग्णाचे समुपदेशन करण्याची किंवा औषध लिहून देण्याची मुभा नाही. ते नोंदणीकृत डॉक्टरनेच करायचे आहे. तेव्हा चॅटबॉट सुरू करू पाहणाऱ्या रुग्णालयातील विभागाने त्याला आधी रुग्णांच्या बोलीतले प्रश्न विचारून पाहावेत आणि रात्री दोन वाजता त्याने रुग्णालयाकडे वळवलेल्या रुग्णाचा फोन कोण उचलणार, त्याचे नाव ड्युटीच्या तक्त्यावर लिहावे. ते नाव लिहिता येत नसेल, तर चॅटबॉट सुरू करू नये.