चिलखत उसने मिळत नसते

रणगाडा परदेशातून विकत मिळतो. त्याच्या चिलखताचे रहस्य मिळत नाही. पोलादाच्या थरांमध्ये सिरॅमिकच्या फरशा बसवाव्यात, ही कल्पना ब्रिटनच्या चोभम चिलखतापासून सर्वश्रुत आहे. मात्र फरशांची घडण आणि मांडणी कोणताही देश बाजारात मांडत नाही.

ही विद्या आपल्या शास्त्रज्ञांनी स्वबळावर साध्य केली. हैदराबादच्या कांचनबागेतील संरक्षण धातुशास्त्र संशोधन प्रयोगशाळेत ती सिद्ध झाली, म्हणून त्या चिलखताचे नाव ‘कांचन’. रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राच्या पोकळ स्फोटकातून सेकंदाला आठ-नऊ किलोमीटर वेगाने सुटणारी तांब्याची धार निव्वळ पोलादाला भेदते. अतिकठीण सिरॅमिक तिला विस्कटून टाकते. हे कवच ‘अर्जुन’ने धारण केले.

आणि त्याचे चीज काय झाले? १९७४ साली मंजूर झालेल्या ‘अर्जुन’ला पहिली मागणी २००० साली, तीही अवघ्या १२४ रणगाड्यांची. दुसऱ्याच वर्षी रशियाशी ३१० टी-९० रणगाड्यांचा करार! पुढे २०१० मध्ये १२४, २०२१ मध्ये ११८. अर्जुन जड आहे, त्याचे इंजिन जर्मन आहे, हे आक्षेप खरे. विलंबाचा दोष संशोधकांकडेही जातो. पण इंजिन परके म्हणून कवचही परके घ्यावे, हा कुठला न्याय? (आयातप्रेमींना हा प्रश्न सहसा पडत नाही.)

२०२४ साली संरक्षण खरेदी परिषदेने नव्या पिढीच्या रणगाड्यांना मान्यता दिली आहे. त्यांचे चिलखत भारतीय संशोधनाचेच असेल, ही अट निविदेच्या पहिल्याच पानावर आली पाहिजे.