बिनतारी आणि निस्तंतु

सुरत म्हटलं की आपल्या डोक्यात आधी १६६४ साल येतं. मला मात्र अक्का आठवते. दाजी उधन्याला यंत्रमागाचे फिटर, घर लिंबायतला. शेजारीपाजारी सगळी खानदेशी मंडळी, त्यामुळे तिची मराठी सुटली नाही. उलट अहिराणीची भर पडली. कन्नड मात्र फोनवर आईशी बोलण्यापुरतं उरलंय.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो तर घरात अबोला. बापलेक आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. कारण विचारलं तेव्हा अक्कानं टीव्हीखालचा खण उघडला आणि पाच हिरव्या पाट्या माझ्यापुढे ठेवल्या. ‘‘हे बघ, साडेतीन हजार रुपये. एकही चालत नाही.’’

भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिथल्या एसव्हीएनआयटीतली मुलं रोबोकॉन स्पर्धेत उतरतात, त्यांचे यंत्रमानव बघून यालाही नाद लागला. (आशिया-पॅसिफिक देशांची ही स्पर्धा २००८ साली पुण्यात भरली तेव्हा विषय चक्क गोविंदाचा, म्हणजे दहीहंडीचा होता!) याचं यंत्र साधंच. बसायच्या पाटाएवढं, चार चाकांचं, मोबाइलवरून पळवायचं. आधी त्यानं बाजारातले तयार सुटे बोर्ड वायरींनी जोडले होते. यंत्राला हादरा बसला की एखादी वायर निसटे आणि ती शोधण्यात संध्याकाळ जाई. म्हणून सगळं एकाच पाटीवर आणायचं, बोर्ड स्वतः आखायचा, असं त्यानं ठरवलं.

मी एम.ए. झालेला माणूस, पण त्यानं समजावलं ते कळलं. आखणीसाठी किकॅड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ज्यां-पिएर शारा या फ्रेंच गृहस्थांनी ते १९९२ साली सुरू केलं. आधी कोणता भाग कोणाला जोडायचा ते ठरवायचं, मग पाटीवर प्रत्येकाची जागा, मग तांब्याच्या रेघा. एक रेघ दुसरीला छेदता कामा नये. तशी वेळ आली तर भोक पाडून पाटीच्या दुसऱ्या बाजूनं जायचं. मला आमच्या आईची कसूती आठवली. तिथंही दोरा असाच वरून खाली, खालून वर.

पाटीच्या मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढा एक तुकडा बसतो, ईएसपी-३२. वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही त्याच्यातच. त्याच्या एका टोकाला नागमोडी रेघ दिसते, तोच अँटेना. या लहरींची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, अँटेनाला तिचा चौथा भाग पुरतो, आणि तेवढी रेघ दुमडून दुमडून तिथं बसवलेली असते. मुलांना हे घरबसल्या करता येतं, कारण २००५ साली सरकारनं २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय खुला केला.

‘‘मग चालत का नाही?’’ मी विचारलं.

‘‘मामा, चालतंय. दहा पावलांवर मोबाइलचं ऐकेनासं होतं.’’

दुसऱ्या दिवशी त्यालाच चूक सापडली. रिकामी जागा तांब्यानं भरून टाकायची पद्धत असते, ती त्यानं अँटेनाखालीही पाळली होती. अँटेनाखाली तांबं म्हणजे गाणाऱ्याच्या तोंडावर उशी. त्यानं ब्लेडनं पाटीच्या दोन्ही बाजूंचं तेवढं तांबं खरवडून काढलं, आणि यंत्र गच्चीभर फिरायला लागलं.

पण दुसरं दुखणं राहिलंच. मोटारी एकदम सुरू केल्या की यंत्र मेल्यासारखं थांबे, दोन सेकंदांनी पुन्हा जागं होई. तो बिचारा प्रोग्राम तपासून दमला. दाजी दाराशी चहा घेत बसले होते. लेकाकडे न बघता, माझ्याकडे तोंड करून म्हणाले, ‘‘कारखान्यात मागाची मोटर उचलते तेव्हा दिवा मंदावतो. तसं होतंय ते. भुकेला माणूस सगळ्यांच्या ताटातलं ओढतो.’’

भाचा गप्प झाला. मग मीटर लावून बघितलं. ईएसपीला ३.३ व्होल्ट लागतात. मोटारी उचलताना ते पार खाली पडत होते, आणि दाब पडला की हा तुकडा स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. मोटारींची वाट वेगळी काढायची, ईएसपीजवळ मोठा कपॅसिटर ठेवायचा, असं ठरलं. कुठं ठेवायचा यावर बापलेकांचा तासभर वाद झाला. आठ दिवसांनी घरात आवाज झाला म्हणून अक्का स्वयंपाकघरात हसत होती.

जाता जाता एक सांगतो. मराठीत आपण ‘बिनतारी’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘निस्तंतु’. तंतू म्हणजे धागा. ज्या गावाचं पोट धाग्यावर चालतं तिथं हा शब्द सांगितला तर दाजी म्हणाले, ‘‘बिनधाग्याचं काही असलं तर आम्ही काय खायचं?’’

दुसऱ्या खेपेचे बोर्ड मागवताना पैसे दाजींनीच दिले, असं अक्कानं परवा फोनवर सांगितलं. यंत्र आता गच्चीच्या टोकापर्यंत जातं, मात्र पाण्याच्या टाकीमागं गेलं की अडखळतं; या लहरी पाणी शोषून घेतं. भाचा अँटेना बदलायचं म्हणतोय. दाजींचं मत, टाकी काही हलत नाही, यंत्रानंच वळसा घालावा.