शेजारधर्म आणि मनःस्वास्थ्य

झाशीच्या लक्ष्मी दरवाजाबाहेर लक्ष्मी ताल आहे. त्याच्या काठी नेवाळकर घराण्याचे महालक्ष्मीचे देऊळ आहे आणि जवळच राजे गंगाधरराव यांची छत्री आहे. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी निवर्तले, आणि ही छत्री राणी लक्ष्मीबाईंनी उभारविली. त्यापूर्वी काही काळ त्यांचे तान्हे मूल गेले होते. त्या दुःखातून राजे पुन्हा सावरले नाहीत, असे झाशीत आजही सांगतात.

मृत्यूच्या दुःखासाठी आपल्या समाजाने एक व्यवस्था करून ठेविली आहे. सुतकाचे दिवस ठरलेले असतात. शेजारची चूल त्या घरासाठी पेटते. माणसे समाचाराला येतात आणि बोलावयास काही नसले तरी तासभर बसून जातात. या बसण्याचे मोल शास्त्राने मोजण्यापूर्वीच लोकांनी ओळखले होते. परंतु ज्या घरात कोणी मेलेले नाही, तरीही तीन महिने एका बाईला झोप नाही, अन्नावर वासना नाही, आणि तिचा नवरा रात्री पिऊन येतो, त्या घरी समाचाराला कोणी जात नाही. आवाज चढला की शेजारी खिडकी लावून घेतो. 'त्यांच्या घरचे ते पाहतील,' हे आपले ठरलेले वाक्य. पुढे पोलीस येतात, तेव्हा मात्र सारी आळी दारात उभी असते.

(मराठीत 'समाचार घेणे' याचा दुसरा अर्थ झोडपून काढणे असा होतो. दारुड्याच्या बाबतीत समाजाला बहुधा हा दुसरा अर्थच आठवतो.)

घरातील हिंसा रोखावयाची असेल, तर शेजारधर्माला थोडे शिक्षण आणि थोडे वेतन देऊन तो आजारी मनाच्या दारापर्यंत नेला पाहिजे, असे माझे मत आहे. तथापि ते मांडण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. मनोविकार म्हणजे हिंस्रपणा नव्हे. मनोविकाराने पीडलेली बहुसंख्य माणसे आयुष्यात कोणावर हात उगारीत नाहीत. उलट मार खाण्याचा प्रसंग त्यांच्यावरच अधिक वेळा येतो. तेव्हा 'वेड्यांना' हुडकून काढल्याने गावात शांतता नांदेल, ही कल्पना चुकीची आहे आणि क्रूरही आहे. प्रश्न साध्यासुध्या घरांचा आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, ज्यांचे पती वारंवार दारू पिऊन झिंगतात अशा स्त्रियांपैकी शेकडा सुमारे ७० जणींनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली होती. पती मुळीच न पिणारा असेल, तर हेच प्रमाण शेकडा २३ होते. हिंसेचे दुसरे रूप स्वतःवरच वळलेले असते. २०२२ या एका वर्षात भारतात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, आणि त्यांच्या कारणांत कौटुंबिक समस्यांचा वाटा सर्वांत मोठा होता.

येथे काही करता येते काय? याचे सर्वांत विश्वसनीय उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यातून आले आहे. तेथील 'संगत' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्यकेंद्रांत दोन प्रयोग केले, आणि त्यांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिला प्रयोग तीव्र औदासीन्याने ग्रासलेल्या ४९५ स्त्रीपुरुषांवर झाला. त्यांतील निम्म्यांना नेहमीच्या वैद्यकीय उपचारांसोबत एका समुपदेशकाची सोबत मिळाली. हा समुपदेशक वैद्य नव्हता, मानसशास्त्राचा पदवीधरही नव्हता. तो त्याच समाजातील, थोड्या आठवड्यांचे शिक्षण घेतलेला सामान्य मनुष्य होता. सहा ते आठ बैठकांत तो रुग्णाशी बोले आणि सुटून गेलेली लहानसहान कामे पुन्हा हाती घेण्यास त्याला साहाय्य करी. कोणी पुन्हा देवळात जाऊ लागे, कोणी बहिणीला भेटे, कोणी परसात दोन रोपे लावी. तीन महिन्यांनी या गटातील शेकडा ६४ जण औदासीन्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ होते. आत्महत्येचे विचार वा प्रयत्न कमी झाले. विशेष म्हणजे, या गटातील स्त्रियांना पतीकडून होणारी मारहाणही कमी झाल्याचे दिसून आले.

दुसरा प्रयोग अपायकारक मद्यपान करणाऱ्या पुरुषांवर झाला. चार बैठकांपर्यंतच्या समुपदेशनानंतर शेकडा ३६ जणांचे पिणे आटोक्यात आले. दुसऱ्या गटात हे प्रमाण २६ होते. मात्र पत्नीला होणाऱ्या मारहाणीत लक्षणीय फरक आढळला नाही.

हा दुसरा निष्कर्ष प्रचारपत्रकांतून सहसा गाळला जातो. मला तो पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. बाटली दूर झाली म्हणजे हात आपोआप खाली येतो असे नाही. बायकोवर हात टाकण्याची जी मुभा पुरुषाला घरातून, नात्यागोत्यातून, प्रसंगी तिच्याच माहेराकडून मिळालेली असते, ती दारू सुटल्याने रद्द होत नाही. किंबहुना समुपदेशनाच्या मार्गातील खरा धोका येथेच आहे. आपल्याकडे ऐकून घेणारा मनुष्य पाहता पाहता समेट घडविणारा होतो. 'जमवून घे, मुलांकडे पाहा,' असे सांगून तो तिला परत पाठवितो आणि आपण एक संसार वाचविला म्हणून समाधान पावतो. असा समुपदेशक नसलेला बरा. ज्याला ऐकण्याचे शिक्षण द्यावयाचे, त्याला २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, संरक्षण अधिकाऱ्याकडे जाण्याची वाट आणि निवाऱ्याची जागा ही प्रथम ठाऊक असली पाहिजेत. आणि पतीसमोर पत्नीला प्रश्न विचारावयाचे नाहीत, ही शिस्तही.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' या उपक्रमाने गावातल्याच कार्यकर्त्यांकरवी असेच काम केले. आरंभी औदासीन्य असलेल्यांपैकी शेकडा ४.३ जणच कोणाकडे मदतीसाठी गेले होते. दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ झाले. शेजारी नीट विचारतो तेव्हा माणसे सांगतात, एवढे यावरून सिद्ध होते.

पण विचारावयाचे कोणत्या शब्दांत? माझ्या व्यवसायामुळे हा प्रश्न मला सतत छळतो. पुस्तिकांसाठी आम्ही औदासीन्य, नैराश्य, अवसाद असे शब्द घडविले. मी स्वतः ते शेकडो वेळा लिहिले आहेत. परंतु कोणतीही बाई आरोग्यकेंद्रात येऊन 'मला अवसाद झाला आहे' असे म्हणत नाही. ती म्हणते, डोक्यात विचार येतात, मन लागत नाही, छातीत धडधडते. झाशीच्या बाजूला म्हणतील, जी घबराता है. झिंबाब्वेतील हरारे येथे २००६ साली डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक मांडून त्यावर वस्तीतल्या आजीबाईंना बसविले. त्यांनी दुखण्याला वैद्यकातले नाव दिले नाही. शोना भाषेत 'कुफुंगिसिसा', म्हणजे अतिविचार, असा जो शब्द लोकांच्या तोंडी होता तोच घेतला. आपल्या 'विचार येतात' या तक्रारीशी तो किती जुळतो, हे पाहून मी अनुवाद करता करता थबकलो होतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने त्या बाकांचा गुण सिद्ध केला.

आपल्याकडे योजना नाही असे नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आहे. कर्नाटकातील बळ्ळारीच्या अनुभवावरून १९९६ मध्ये जिल्हा कार्यक्रमही सुरू झाला. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने सल्ला मिळतो. पण ज्या घरात फोन नवऱ्याच्या खिशात असतो, तेथे त्या क्रमांकाचा बाईला काय उपयोग? तिला पायी जाता येईल अशी जागा हवी, आणि तेथे जाण्यास सबब हवी. हे काम आशा कार्यकर्तीच्या डोक्यावर आणखी एक बिनपगारी ओझे म्हणून टाकू नये. वस्तीतील दोन प्रौढ स्त्रिया निवडाव्या, त्यांना शिकवावे, मासिक वेतन द्यावे, आणि जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाने पंधरवड्याला त्यांच्या अडचणी ऐकाव्या. कारण ऐकणाऱ्याचेही मन थकते.

महालक्ष्मीच्या दर्शनाला जाणे ही झाशीत कोणत्याही घरी चालणारी सबब आहे. लक्ष्मी तालाच्या काठी, देवळाच्या वाटेवर, सावलीत एक बाक ठेवावा. तो पोलीस चौकीजवळ नसावा आणि दारूच्या दुकानासमोरही नसावा. त्यावर पाटी लावावयाची झाल्यास 'मनोरुग्ण साहाय्य केंद्र' असे लिहू नये. बसणाऱ्या बाईचे नाव आणि ती कोणत्या वारी, कोणत्या वेळी तेथे असते, एवढे लिहावे.